सातव्या चांदणीसाठी अर्ज

“छोट्या, माझ्या बोटाच्या टोकावरून सरळ वर बघ. दिसल्या का सातही?”

हा आवाज ताईचा. ती तेरा वर्षांची होती, मी सातचा. गच्चीवर सतरंजी, सतरंजीवर आम्ही दोघं, वर आभाळ, आणि आभाळात कृत्तिकांचा तो इवलासा झुबका, कुणी मूठभर चांदणं सांडून उचलायला विसरल्यासारखा. ताई बोट वर करून त्या मोजायची. मोजायची म्हणजे गायची:

पहिली उठली, दुसरी रुसली,
तिसरी तिच्या शेजारी बसली,
चौथी विंचरी पाचवीचे केस,
सहावी न्याहाळी आपला वेष,
सातवी कुठंय? सातवी लाजली,
बघणाऱ्याच्या डोळ्यांत निजली.

माझ्या डोळ्यांत कुणी निजलं नाही. मला सहा दिसायच्या. डोळे चोळले, एक डोळा मिटला, दुसरा मिटला, तरी सहा.

“सहाच आहेत.”

“सात आहेत. तुझे डोळे आळशी आहेत.”

घरात ताईचा शब्द शेवटचा असे. ती पुस्तकात नाक खुपसून वाचायची, म्हणून ती अभ्यासू. मी पुस्तक हातभर लांब धरून वाचायचो, म्हणून माझं लक्ष नाही. बाबांनी माझं नाव ‘सहावर अडकलेला’ असं ठेवून दिलं, आणि पुढे मी गणितात अडकलो, नोकरीत अडकलो, बढतीत अडकलो, तेव्हा घरात प्रत्येक वेळी तेच नाव निघालं. ताई शहरात कॉलेजला गेली, चष्मा लावून सुट्टीत परत आली, पण गच्चीवर काही आली नाही. मोठी झाली ती आता, असं आई म्हणाली. सातवी चांदणी राहिली ती राहिलीच.

आज मी चौपन्न वर्षांचा आहे. एका कार्यालयात आवक-जावक विभाग सांभाळतो. येणाऱ्या कागदावर शिक्का मारून आकडा टाकायचा आणि जोडपत्र नसेल तर कागद परत करायचा, एवढंच माझं काम. ताई साठीची झाली. गेल्या महिन्यात तिचा फोन आला की ती घर आवरून लेकीकडे समुद्रापलीकडे चालली आहे, कायमची.

“जाण्याआधीच्या शनिवारी तुझ्याकडे येते, रविवारी सकाळी निघते. एक संध्याकाळ मिळेल बघ.”

मी फोन ठेवला आणि त्याच दिवशी साडेचार इंची आरशाची दुर्बीण मागवली. बायकोला कारण सांगितलं, ज्ञान. आमच्याकडेच राहणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, विज्ञान. खरं कारण एवढंच की ताई जाण्याआधी तिच्या समोर उभं राहून एकदा सात मोजून दाखवायच्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या माणसाने असलं कारण कुणाला सांगू नये, म्हणून मीही सांगितलं नव्हतं. हातात तीन आठवडे होते. सात मोजायला तीन आठवडे, म्हणजे चांदणीला तीन दिवस. भरपूर झाले, असं मला वाटलं.

खोकं आलं तेव्हा त्यात दुर्बीण सोडून सगळं होतं. म्हणजे नळी होती, तीन पाय होते, एक लोखंडी वजन होतं, दांडे होते, चाकं होती, आणि एका पिशवीत इतके स्क्रू की मला आमच्या लग्नातल्या वऱ्हाडाची आठवण झाली. कोण कुठून आलंय आणि कुणाचं कोण, काही पत्ता लागेना. सोबत माहितीपुस्तिका होती. सवयीने मी तिच्यावर तारीख घातली आणि आवक क्रमांक एक टाकला. त्यानंतर ती तीन दिवस सापडली नाही, ही गोष्ट आमच्या विभागाच्या परंपरेला धरूनच झाली.

या दुर्बिणीचं तत्त्व मला मात्र लगेच समजलं. नळीच्या तळाशी एक वाटोळा, किंचित खोलगट आरसा. तोंडाशी एक छोटा तिरपा आरसा. उजेड वरून आत शिरतो, पार तळापर्यंत जातो, तिथून परत पाठवला जातो, वाटेत तिरप्या आरशावर आपटतो आणि बाजूच्या एका भोकातून बाहेर पडतो. तिथे भिंग बसवून आपण डोळा लावून बसायचं. आमच्या कार्यालयात अर्जाचं नेमकं हेच होतं. फरक इतकाच की उजेड बाहेर येतो.

जोडणी चालू असताना वरच्या मजल्यावरचे फोरमन आले. फोरमन निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण हातातला पाना निवृत्त झालेला नाही. सैल स्क्रू त्यांना बघवत नाही. माझ्या चष्म्याची दांडी त्यांनी मला न विचारता दोनदा आवळून दिली आहे, एकदा तर चष्मा माझ्या नाकावर असताना.

“हे असं ढिलं ठेवलंय?” ते म्हणाले. “थरथरेल हो. तुम्ही बसा, मी बघतो.”

मी बसलो, त्यांनी बघितलं. तासाभरात दुर्बीण उभी राहिली, एका खांद्यावर वजन तोलून धरलेल्या बगळ्यासारखी. एक स्क्रू उरला. फोरमन म्हणाले, उरतोच एक, कारखान्यात मुद्दाम जास्तीचा टाकतात. जाता जाता त्यांनी नळीच्या बुडाशी असलेले तीन स्क्रूही दात-ओठ खाऊन आवळले. “आता भूकंप झाला तरी हलणार नाही,” असं म्हणून चहा पिऊन गेले. ते तीन स्क्रू लक्षात ठेवा. मी ठेवले नाहीत.

पुस्तिका सापडली ती फ्रिजवर, बिलांच्या खाली. तिच्यात लिहिलं होतं की मोठ्या नळीच्या पाठीवर जी छोटी दुर्बीण असते, तिचा नेम आधी दिवसाउजेडी लावून घ्यावा. लांबची, न हलणारी एखादी वस्तू मोठ्या नळीत मधोमध आणावी आणि मग तीच वस्तू छोटीच्या फुलीवर बसवावी. मी बाल्कनीतून वस्तू शोधू लागलो. रस्त्यापलीकडे दोन इमारती सोडून दंतवैद्याची पाटी होती, पाटीवर हसणारा एक दात. तो काही हलणार नव्हता. बरोबर अकरा वाजता मी तो दात मधोमध आणला. तो उलटा दिसत होता. या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं, आभाळात खाली-वर काही नसल्यामुळे तिथे ते चालतं. रडवेल्या दातावर मी चाळीस मिनिटं नेम धरून बसलो होतो. माझ्या वयाला ती बैठक सोसत नाही, पण मी आनंदात होतो.

साडेबाराला सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे.

“पलीकडच्या इमारतीतून तक्रार आली आहे,” ते म्हणाले. “मुख्याध्यापिकाबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्यावर दुर्बीण रोखून कुणीतरी चाळीस मिनिटं बसलं होतं म्हणे.”

“मी दात बघत होतो.”

हे वाक्य मी परत घेऊ शकलो असतो तर फार बरं झालं असतं.

“बाईंचे?” सेक्रेटरींनी आवाज खाली आणून विचारलं.

मी त्यांना पाटी दाखवली, आरसे समजावले, सगळं उलटं दिसतं हेही सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं: ‘सदर सदस्यास बाई उलट्या दिसल्या.’ आतून बायको आली आणि त्यांना म्हणाली, “अहो, यांना समोर ठेवलेलं मीठ दिसत नाही. दोन इमारतींपलीकडची बाई कुठून दिसणार?” माझी बाजू इतक्या परिणामकारकपणे कुणी कधी मांडली नव्हती. प्रकरण मिटलं. फक्त यापुढे दुर्बीण बाल्कनीत लावायची नाही, गच्चीवर लावायची, असं ठरलं.

गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे असते.

“अर्ज द्या,” ते म्हणाले.

मी अर्ज दिला. उद्देश: आकाशनिरीक्षण. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. शेरा होता, ‘काय बघणार याचा तपशील जोडावा.’ मी तपशील जोडला: कृत्तिका, नग सात. परत आला. ‘नग सात याला आधार काय?’ आता याला मी काय आधार देणार? माझा स्वतःचा अनुभव सहाचा होता. तीस वर्षं मी लोकांचे अर्ज असेच परत पाठवले आहेत, अतिशय प्रसन्न चेहऱ्याने. ती सगळी माणसं कुठेतरी एकत्र जमून हा कागद वाचताहेत असं मला वाटलं. शेवटी मी ‘नग अंदाजे’ असं लिहिलं आणि अर्ज मंजूर झाला. शनिवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ. अट एक: समितीचे सदस्य आणि त्यांच्या कुटुंबीयांनाही दाखवावे. सरावासाठी म्हणून आधीचा एक बुधवार मिळाला.

बुधवारी आभाळ स्वच्छ होतं. मी नळी वर आणून अर्धा तास तशीच ठेवली, कारण आरशाला बाहेरच्या गारव्याची सवय व्हावी लागते. घरातून बाहेर पडल्या पडल्या तोही माझ्यासारखा गोंधळतो. मग कृत्तिका धरल्या. दिसल्या त्या चांदण्या नव्हत्याच. प्रत्येकीला एकीकडे शेपूट फुटलेलं, ओल्या कागदावर शाई फुटावी तसं. मोजणार काय? पहिली कुठे संपते आणि दुसरी कुठे रुसते, काही कळेना.

आरसा मळला असणार, असं मी ठरवलं. वास्तविक पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं की आरशावर थोडी धूळ असली तरी चालते, उगाच धुऊ नये. पण ठळक अक्षरं मी नोकरीतही वाचत नाही. गुरुवारी सकाळी मी नळीचं बूड उघडलं, आरसा काढला आणि न्हाणीघरात नेला. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, हात लावायचा नाही, बोळ्याने घासायचं नाही, वर स्वच्छ पाण्याची धार. तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी तसं सगळं केलं. माझ्या मुलीला मी कधी अंघोळ घातली नव्हती, असं बायकोने दारातून सांगितलं. मग आरसा खिडकीशी फडताळावर उभा करून, निथळायला ठेवून मी कार्यालयात गेलो.

संध्याकाळी आलो तर सासरे माझी वाट बघत होते. गाल गुळगुळीत, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज.

“जावईबापू, आरसा आणलात तो झकास आहे. एकेक केस दोरखंडाएवढा दिसतो. वीस वर्षांत अशी दाढी झाली नव्हती. पण फार खाली लावलाय, जरा वर खिळा मारून घ्या.”

अब्जावधी मैलांवरून निघालेला उजेड झेलण्यासाठी घडवलेल्या त्या आरशावर फेसाचे तीन शिंतोडे वाळले होते. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा साबण, पुन्हा धार. या वेळी आरसा निथळेपर्यंत मी समोर स्टूल टाकून राखणीला बसलो. सासरे दोनदा डोकावून गेले.

आरसा बसवायला घेतला तेव्हा पुस्तिकेतलं पुढचं पान उघडलं. दोन आरसे एका रेषेत नसतील तर चांदणीला शेपूट फुटतं, असं तिथे म्हटलं होतं. ती रेष जुळवायला बुडाशी तीन स्क्रू दिलेले असतात. ते नाजूक हाताने, पाव-पाव फेऱ्याने फिरवायचे. ‘कधीही पूर्ण आवळू नयेत.’ मी छताकडे बघितलं. वर फोरमन कशावर तरी ठोकत होते.

शुक्रवारची अख्खी संध्याकाळ मी भिंगाच्या जागी मधोमध भोक पाडलेलं एक टोपण लावून, त्यातून आत बघत बसलो. आत मोठ्या आरशात छोटा आरसा, छोट्या आरशात माझाच डोळा. स्क्रू पाव फेरा डावीकडे, डोळा सरकला. पाव फेरा उजवीकडे, डोळा भलतीकडे गेला. बायको शेजारी बसून भाजी निवडत होती.

“अहो, एवढं काय आहे त्या चांदण्यांत?” तिने विचारलं. “खरं सांगा.”

मी सांगितलं. सतरंजी, बोट, सहा, सात, सगळं. ती हसेल म्हणून मी टोपणातून डोळा काढला नाही. ती हसली नाही. हात पुसून उठली, नळीच्या मागे जाऊन बसली आणि म्हणाली, “तुम्ही बघा नि सांगा. स्क्रू मी फिरवते. तुमचा हात जड आहे.” दहा मिनिटांत डोळा मधोमध आला, वाटोळ्यात वाटोळं, त्यात वाटोळं, पाण्यात खडा टाकल्यासारखं.

शनिवारी दुपारी ताई आली. अंगाने बारीक झाली आहे, चष्मा मात्र जाड. तिला मी काही सांगितलं नव्हतं. साडेसातला हाताला धरून गच्चीवर नेलं. तिथे अकरा माणसं आधीच उभी होती. सेक्रेटरी होते, त्यांचे कुटुंबीय होते, आणि पाहुण्या म्हणून मुख्याध्यापिकाबाई होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं होतं. ताई पाचवी आणि मी यजमान म्हणून शेवटचा. सासरे खुर्ची घेऊन आले होते.

कृत्तिका नेमक्या डोक्यावर. म्हणजे नळीचं तोंड सरळ वर, आणि थरथर नको म्हणून तिपाईचे पाय पूर्ण आखूड केल्यामुळे भिंगाचं भोक अशा जागी आलेलं, की बघायला गुडघे टेकून मान वाकडी करावी लागे. एकेक जण नमस्कार घातल्यासारखा खाली बसायचा आणि काहीतरी मत देऊन उठायचा.

“छान आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “पण हलतंय.”

“आभाळ हलतंय,” मी म्हणालो. “आपण फिरतोय ना.”

“त्याचा अर्जात उल्लेख नव्हता.”

मुख्याध्यापिकाबाईंनी बराच वेळ बघितलं. उठून माझ्याकडे वळल्या. “हे खरंच उलटं दिसतं?”

“खरंच.”

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. आमच्यातलं शीतयुद्ध तिथे संपलं.

चौथे फोरमन. त्यांनी बघितलं, खूश झाले, आणि ताईसाठी जागा करून देताना त्यांचा हात सवयीने नळी धरून ठेवणाऱ्या एका खटक्यावर गेला. “हे बघा, इथे ढिलं होतं,” असं म्हणून त्यांनी तो आवळला. त्या जोराने नळी पार खाली झुकली. आता तिच्यात पाण्याची टाकी होती.

मी गुडघ्यांवर बसलो. छोटीतून शोधलं, मोठीतून शोधलं. तोवर पश्चिमेकडून ढगाचा एक पट्टा निघाला होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रांगेतली माणसं पाय बदलू लागली. एवढ्या वर्षांनी एक संध्याकाळ मिळाली होती आणि मी ताईला पाण्याची टाकी दाखवत होतो. सहावर अडकलेला, हे बाबांचे शब्द मला अगदी स्पष्ट ऐकू आले.

“राहू दे रे छोट्या,” ताई म्हणाली. “गुडघे दुखतील तुझे.”

अकरा जणांसमोर टक्कल पडलेल्या माणसाला कुणी छोट्या म्हटलं की काय वाटतं, ते मी लिहीत नाही. मी मागे वळून बायकोकडे बघितलं. ती पुढे आली. फोरमनच्या हातातला पाना तिने हळूच काढून घेतला, त्यांच्याच खिशात ठेवला आणि खटका सैल केला.

“तुम्ही बघा नि सांगा,” ती म्हणाली.

“वर. अजून. थोडं डावीकडे. थांब.”

त्या आल्या. शेपटं नाहीत, काही नाही. टाचणीच्या टोकांसारख्या, थंडीत धुतलेल्या. मी मोजायला लागलो. पहिली उठली, दुसरी रुसली. सातवी झाली, आठवी झाली, बारा, वीस, एकीच्या आड एक, सगळं माहेरच जमलेलं. तीसच्या पुढे मी थांबलो. सात मोजून दाखवायला बसलो होतो, आणि तिथे सातला काही अर्थच उरला नव्हता.

“ये ताई.”

ती माझ्या खांद्याला धरून खाली बसली. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डोळा लावला. मी चित्र स्पष्ट करणारं चाक फिरवत गेलो, ती ‘आलं’ म्हणाली तिथे थांबलो. ढगाचा पट्टा जवळ आला तसे लोक, अजून न बघितलेलेही, चांगलं होतं हो, असं सांगून जिन्याकडे गेले. सासरेही खुर्ची घेऊन उतरले. बायकोने रिकाम्या रांगेकडे बघितलं आणि बॅटरी विझवली.

“किती आहेत?” मी विचारलं.

“मोजता येत नाहीत.” भिंगाला डोळा तसाच ठेवून ती म्हणाली, “छोट्या, तुला तेव्हा किती दिसायच्या?”

“सहा. तुला माहीत आहे की.”

“मला एकही दिसत नव्हती.”

मी तिचा जाड चष्मा हातात धरून उभा होतो.

“धूर दिसायचा नुसता,” ती म्हणाली. “वर कुठेतरी पांढरट. फळ्यावरचंही दिसत नव्हतं. शाळेतून काढतील म्हणून कुणाला सांगितलं नाही. सात हे गाण्यात होतं, म्हणून सात. कॉलेजात चष्मा लागला त्या संध्याकाळी होस्टेलच्या गच्चीवर गेले आणि पहिल्यांदा त्याच मोजल्या.”

“मग?”

“सहा निघाल्या रे. दहा वेळा मोजल्या. सहाच.”

ढग आला असावा. तिने डोळा काढला, चष्म्यासाठी माझ्याकडे हात पुढे केला, आणि चष्मा मिळाल्यावरही माझी बोटं सोडली नाहीत.

“घरी येऊन सांगणार होते. पण तू माझ्या बोटाकडे ज्या विश्वासाने बघायचास ना, तसं नंतर कुणी बघितलं नाही. ते जाईल म्हणून मी परत गच्चीवर आलेच नाही.”